तळ्यासाठी दोनदा मागितलेला कौल : सिॲटलच्या लेक वॉशिंग्टनचे प्रकरण

प्रक्रिया केलेले सांडपाणी तळ्यात सोडायचे की नाही, हा प्रश्न लोकांसमोर येतो तेव्हा चर्चा बहुतेक वेळा एकाच मुद्द्यावर अडकते : केंद्रातून बाहेर पडणारे पाणी स्वच्छ आहे का? सभेत काचेचा पेला फिरतो, पाणी नितळ दिसते, वास येत नाही आणि विरोध करणारे अडाणी ठरतात. अमेरिकेतल्या सिॲटल शहरात १९५० च्या दशकात लेक वॉशिंग्टनवरून जे घडले, त्यात हा प्रश्न बाजूला ठेवून दुसराच विचारला गेला. पाणी कसे दिसते हे न पाहता, त्यातून रोज किती खत तळ्यात जाते हे पाहिले गेले. लोकांचा कौल दोनदा घ्यावा लागला. पहिला विरोधात गेला, दुसरा बाजूने. दोन्हींमागची कारणे आजही कोणत्याही नगरपालिकेला उपयोगी पडतील अशी आहेत.

तळे आणि त्याभोवतीची केंद्रे

लेक वॉशिंग्टन सुमारे ८८ चौरस किलोमीटरचे, लांबट आकाराचे तळे आहे. त्याची सर्वाधिक खोली ६५ मीटर, तर सरासरी ३३ मीटरच्या आसपास. पश्चिमेला सिॲटल, पूर्वेला आणि दोन्ही टोकांना उपनगरे. सीडर आणि समॅमिश या नद्या त्यात पाणी आणतात, आणि जहाजांसाठी खोदलेल्या कालव्यातून ते प्युजेट साउंडमध्ये, म्हणजे समुद्राच्या आत शिरलेल्या फाट्यात जाते. तळ्यातले सगळे पाणी साधारण अडीच वर्षांत बदलते. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढचा सगळा निकाल त्यावर अवलंबून होता.

सिॲटलचे कच्चे सांडपाणी पूर्वी थेट तळ्यात जात असे. १९३० च्या दशकापर्यंत त्यातले बरेचसे दुसरीकडे वळवले गेले आणि प्रश्न मिटला असे सगळ्यांना वाटले. मग उपनगरे वाढली. प्रत्येक गावाची स्वतःची ड्रेनेज व्यवस्था, स्वतःचे मंडळ, स्वतःचे केंद्र. १९४१ पासून पुढच्या दीड-दोन दशकांत तळ्याकाठी दहा-अकरा प्रक्रिया केंद्रे उभी राहिली. सगळी दुय्यम प्रक्रियेची, म्हणजे त्या काळाच्या मानाने चांगली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ही केंद्रे मिळून रोज सुमारे ७.६ कोटी लिटर (७६ एमएलडी, म्हणजे दिवसाला ७६ दशलक्ष लिटर) प्रक्रिया केलेले पाणी तळ्यात सोडत होती. ही केंद्रे नेमून दिलेले काम करतच होती. कुठे बिघाड नव्हता, कुठे चोरून मैला सोडला जात नव्हता. या प्रकरणाचा गाभा तोच आहे.

‘प्रक्रिया केलेले’ म्हणजे नेमके काय उरलेले

दुय्यम प्रक्रियेत जीवाणूंना हवा देऊन सांडपाण्यातला सेंद्रिय भाग खाऊ घातला जातो. ताज्या मैलापाण्याचा बीओडी (सेंद्रिय भाग कुजवताना जीवाणूंना लागणारा प्राणवायू) लिटरला २०० मिलिग्रॅमच्या आसपास धरला, तर चांगले केंद्र तो २० ते ३० वर आणते. निकष पूर्ण होतो. पण शैवालाचे खत ठरणारा फॉस्फरस जीवाणू फारसा खात नाहीत. साध्या दुय्यम प्रक्रियेत तो जेमतेम पाव ते एकतृतीयांश कमी होतो आणि बाकीचा विरघळलेल्या रूपात, शैवालाला लगेच घेता येईल असा, पाण्याबरोबर बाहेर पडतो.

इथे थोडा हिशेब करावा. एमएलडीला लिटरमागच्या मिलिग्रॅमने गुणले की रोजचे किलो मिळतात. बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरला ५ मिलिग्रॅम फॉस्फरस आहे असे उदाहरणादाखल धरू. ७६ एमएलडीचे ३८० किलो झाले, रोजचे. एक किलो फॉस्फरसवर सुमारे शंभर किलो (कोरडे वजन) शैवाल वाढू शकते. ते मरून तळाशी कुजते तेव्हा सुमारे १४० किलो प्राणवायू खाते. म्हणजे लिटरमधल्या त्या ५ मिलिग्रॅममागे तळ्याला ७०० मिलिग्रॅम प्राणवायूचे देणे लागू शकते. कच्च्या मैलापाण्याच्या बीओडीच्या हे साडेतीन पट आहे. प्रत्यक्षात सगळा फॉस्फरस एकाच वेळी वापरला जात नाही आणि काही गाळात बसतो, त्यामुळे ही कमाल मर्यादा समजावी. पण नितळ पाण्याचा पेला दाखवणे का फसवे आहे, हे या एका गुणाकारातून कळते. आपल्याकडे २०१७ साली केंद्र सरकारने सांडपाणी प्रक्रिया केंद्रांसाठी जे निकष अधिसूचित केले, त्यांतही बीओडी, तरंगते कण, सामू आणि विष्ठाजन्य जीवाणू आहेत, फॉस्फरस नाही.

१९५५ चा नमुना

वॉशिंग्टन विद्यापीठातले प्राणिशास्त्राचे प्राध्यापक डब्ल्यू. टी. एडमंडसन आणि त्यांचे सहकारी या तळ्याचा अभ्यास करत होते. जून १९५५ मध्ये त्यांना पाण्यात ऑसिलेटोरिया रुबेसेन्स हे नीलहरित शैवाल मोठ्या प्रमाणावर सापडले. तळ्यांच्या अभ्यासकांना हे नाव ऐकून धडकी भरावी असा त्याचा इतिहास होता. स्वित्झर्लंडच्या झुरिक तळ्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेच शैवाल आले आणि त्यानंतर काठच्या वस्त्यांचे सांडपाणी घेणारा तळ्याचा भाग बिघडत गेला. वस्ती विरळ असलेला वरचा भाग मात्र बराच काळ चांगला राहिला.

एकट्या शैवालाच्या नमुन्यावर लोकांना काही पटवता आले नसते. सुदैवाने या तळ्याचा १९३३ सालचा आणि १९५० सालचा असे दोन जुने अभ्यास हाताशी होते. खोल पाण्यातला प्राणवायू उन्हाळ्यात किती वेगाने संपतो, हे त्या दोन्हींशी ताडून पाहता आले. वेग वाढत चालला होता. जुनी नोंद नसती तर ‘तळे पहिल्यापासून असेच आहे’ या वाक्याला उत्तर देता आले नसते. ज्या तळ्याची आधीची नोंद नाही, त्याबद्दल लोकांशी सल्लामसलत सुरू करण्याआधी किमान एक पूर्ण वर्ष, सगळ्या ऋतूंत, मोजणी करून घ्यावी. ती न करता भरवलेली सभा म्हणजे दोन्ही बाजूंच्या मतांची नुसती देवाणघेवाण.

पत्र आणि प्रश्नोत्तरे

१९५६ मध्ये सिॲटल महानगराच्या प्रश्नांवर विचार करायला नागरिकांची सल्लागार समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते वकील जेम्स एलिस. वर्षाच्या अखेरीस एडमंडसन यांनी त्यांना पत्र लिहून तळ्याची अवस्था कळवली. एलिस यांनी आणखी माहिती मागितली. मग एडमंडसन यांनी प्रश्नोत्तरांच्या रूपात काही पानांचे टिपण तयार करून दिले.

आमच्या मते या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत मोलाचा कागद तो टिपणाचा होता. जाड अहवाल नाही, तक्त्यांचा ढीग नाही. सामान्य माणसाच्या मनात येतील तेच प्रश्न आणि त्यांची सरळ उत्तरे : तळे बदलले आहे का, कशामुळे, असेच चालू ठेवले तर काय होईल, सांडपाणी थांबवले तर काय होईल, आणि दुसरे स्वस्त उपाय का चालणार नाहीत.

शेवटच्या प्रश्नावर थोडे थांबायला हवे, कारण प्रत्येक सभेत तो येतोच. ‘शैवाल मारायला औषध का टाकत नाही?’ मोरचूद टाकून शैवाल मरते हे खरे. पण ८८ चौरस किलोमीटरवर ते पुन्हा पुन्हा टाकावे लागते, तांबे माशांना आणि त्यांच्या खाद्याला अपाय करते, आणि मेलेले शैवाल कुजून तोच फॉस्फरस पाण्यात परत सोडते. खत चालू ठेवून गवत उपटत बसण्यातला हा प्रकार. ‘मग केंद्रातच फॉस्फरस का काढत नाही?’ हा अधिक चांगला प्रश्न आहे. तुरटी, चुना किंवा लोहाचे क्षार टाकून फॉस्फरस खाली बसवता येतो. पण तेव्हा हे तंत्र एवढ्या मोठ्या प्रमाणावर रुळलेले नव्हते. शिवाय दहा छोट्या केंद्रांवर, दहा वेगवेगळ्या मंडळांच्या हाताखाली, रोज अचूक मात्रा द्यायची आणि त्यातून निघणारा जादा गाळ हलवायचा, हे सांभाळणे अवघड होते. आज उत्तर वेगळे येऊ शकते. आजच्या केंद्रात रासायनिक आणि जैविक मार्गांनी फॉस्फरस लिटरला अर्ध्या मिलिग्रॅमच्या खाली आणता येतो. मात्र त्यासाठी मात्रेचा पंप बंद पडला तर काय, आणि गाळ कुठे जाणार, याची उत्तरे लेखी हवीत.

टिपणाची दुसरी ताकद अशी की त्यात भाकीत होते. फॉस्फरस कमी झाला तर शैवालही त्या प्रमाणात कमी होईल. हे पडताळता येणारे विधान होते, आणि चुकले असते तर सगळ्या शहरासमोर चुकले असते. सल्लागार मंडळी ‘सुधारणा अपेक्षित आहे’ असे गुळमुळीत लिहितात, तेव्हा त्यांना नंतर कोणी जाब विचारू शकत नाही. लोकांना हे बरोबर समजते.

मार्चमध्ये का हरले

तळ्याचे पाणी एक, पण काठावरची मंडळे अनेक. एकाने सांडपाणी वळवले आणि बाकीच्यांनी नाही, तर काहीच साधत नव्हते. म्हणून सगळ्यांची मिळून एक महानगर संस्था हवी होती. १९५७ मध्ये राज्य विधिमंडळाने तसा कायदा केला. त्यात अट होती दुहेरी बहुमताची : सिॲटल शहरात वेगळे बहुमत आणि शहराबाहेरच्या भागात वेगळे बहुमत. शहराच्या मतांच्या जोरावर उपनगरांवर काही लादता येऊ नये, यासाठीची ही तजवीज.

११ मार्च १९५८ रोजी मतदान झाले. प्रस्तावात सांडपाण्याबरोबर सार्वजनिक वाहतूक आणि सर्वसमावेशक नियोजन हेही नव्या संस्थेकडे द्यायचे होते. शहराने होकार दिला, बाहेरच्या भागाने नकार. प्रस्ताव पडला.

नकार तळ्याला नव्हता. उपनगरांतल्या लोकांना वाटले की सांडपाण्याच्या निमित्ताने सिॲटल आपल्या गावचे नियोजन आणि बसगाड्याही ताब्यात घेणार. नवी, वरची, आपल्या हाताबाहेरची सत्ता येणार, ही भीती होती आणि प्रस्तावात तिला जागा होती. सल्लामसलतीत सगळ्यांत जास्त वेळा होणारी चूक हीच. तळ्याच्या प्रश्नाला बगिचा, रस्ता, जमिनीचा वापर, बाजारपेठ असे काही ना काही जोडले जाते, आणि ज्याला त्यातली एक गोष्ट नको असते तो सगळ्यालाच नाही म्हणतो.

सप्टेंबरमध्ये काय बदलले

प्रस्ताव पुन्हा मांडण्याआधी तो कापला गेला. वाहतूक काढली, नियोजन काढले. फक्त सांडपाणी उरले. हद्दही लहान केली. जिथे प्रश्न नव्हता आणि विरोध तीव्र होता, तो लांबचा भाग वगळला. खर्च कसा भागवणार हे लोकांना कळेल अशा रूपात सांगितले गेले : रोखे काढून बांधकाम, आणि परतफेडीसाठी घरटी महिन्याला साधारण दोन डॉलर. कोट्यवधींचा एकूण आकडा ऐकून माणूस घाबरतो किंवा दुर्लक्ष करतो. आपल्या बिलात किती वाढ होणार हे कळले की तो विचार करून हो किंवा नाही म्हणू शकतो.

प्रचार मुख्यतः स्वयंसेवकांनी केला. महिला मतदारांच्या संघटनेने आणि नागरी संस्थांनी घरोघर जाऊन प्रस्ताव समजावला. वर्तमानपत्रांनी तळ्याला नावे ठेवायला सुरुवात केली होतीच. पोहण्यास मनाई करणाऱ्या फलकाजवळ उभ्या असलेल्या मुलांचे छायाचित्र प्रचारात फिरले आणि त्याचा परिणाम झाला. एडमंडसन मात्र मत मागायला उभे राहिले नाहीत. माहिती द्यायची, प्रश्नांना उत्तरे द्यायची, इथपर्यंतच त्यांनी आपली भूमिका ठेवली. मोजणारा आणि प्रचार करणारा वेगळा असला की मोजणीवर विश्वास टिकतो, म्हणून हे महत्त्वाचे.

९ सप्टेंबर १९५८ रोजी दोन्ही भागांत बहुमत मिळाले. ‘मेट्रो’ या नावाने ओळखली जाणारी संस्था अस्तित्वात आली.

पाणी वळवल्यानंतर

तळ्याभोवती शंभर मैलांहून अधिक लांबीच्या मोठ्या मलवाहिन्या टाकल्या गेल्या. उत्तरेकडचे आणि शहराचे सांडपाणी प्युजेट साउंडच्या काठावरच्या वेस्ट पॉइंट येथील केंद्राकडे, तर दक्षिणेकडचे रेंटनच्या केंद्राकडे नेले. पहिला मोठा हिस्सा, एकूण पाण्याच्या चौथ्या भागाहून थोडा जास्त, फेब्रुवारी १९६३ मध्ये वळला. १९६७ पर्यंत जवळजवळ सगळे वळले होते आणि १९६८ मध्ये उरलेलेही थांबले. एकूण खर्च १४ कोटी डॉलरच्या घरात गेला.

मतदान ते पहिला परिणाम यात पाच वर्षे गेली आणि त्या काळात तळे आणखी बिघडले. हे आधी सांगून ठेवले नाही तर लोक तिसऱ्या वर्षी ‘पैसे पाण्यात गेले’ म्हणू लागतात.

सुधारणा मोजायला कोणालाही समजेल असे साधन होते : सेकी तबकडी. वीस सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चतकोरांची थाळी दोरीला बांधून होडीच्या सावलीच्या बाजूने सोडतात. ती दिसेनाशी होते ती खोली, आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, दोन्हींची सरासरी घेतात. उन्हाळ्यातला हा आकडा १९५० मध्ये साडेतीन मीटरच्या पुढे होता. १९६३ च्या सुमारास तो एक मीटरवर आला. १९७१ मध्ये तीन मीटरच्या जवळ पोहोचला. पाण्यातला एकूण फॉस्फरस १९६० च्या दशकाच्या मध्यावर लिटरला सुमारे ७० मायक्रोग्रॅम होता, तो पुढे वीसच्या खाली गेला.

त्याहून बोलका पुरावा दुसरा. एडमंडसन यांनी १९७० मध्ये दाखवून दिले की हिवाळ्यातला फॉस्फेट (पाण्यात विरघळलेला फॉस्फरस) १९६३ च्या २८ टक्क्यांवर आला, नायट्रेट मात्र ८० टक्क्यांवरच राहिले, कार्बन डायऑक्साइडही फारसा घटला नाही, आणि शैवाल फॉस्फेटच्या पावलावर पाऊल ठेवून कमी झाले. त्या वेळी ‘खरा दोष कार्बनचा आहे, फॉस्फेटचा नाही’ असा वाद फॉस्फेट वापरणाऱ्या साबण उद्योगाच्या बाजूने जोरात मांडला जात होता. या तळ्याने त्याला उत्तर दिले.

१९७६ पासून तळे अपेक्षेपेक्षाही नितळ झाले. डॅफ्निया नावाची पाण्यातली सूक्ष्म जीवजात वाढली आणि तिने उरलेले शैवाल चरून टाकले. तिला खाणारी निओमायसिस ही कोळंबीसारखी जात कमी झाली होती, आणि डॅफ्नियाच्या खाण्यात अडथळा आणणारे ऑसिलेटोरियाचे धागेही सरले होते. हे भाकितात नव्हते. फॉस्फरसचे भाकीत बरोबर आले म्हणून तळ्याचे सगळे वागणे कळले असे होत नाही.

इतक्या लवकर गुण येण्यामागे तळ्याचे स्वतःचे गुणही होते : अडीच वर्षांत बदलणारे पाणी, मोठी खोली, आणि जेमतेम दोन दशकांचे दूषण. दोन-तीन मीटर खोलीच्या, चाळीस वर्षे मैला पचवलेल्या तळ्यात गाळातूनच फॉस्फरस वर येत राहतो आणि बाहेरचे पाणी थांबवूनही वर्षानुवर्षे फरक दिसत नाही. लेक वॉशिंग्टनचे उदाहरण दाखवून अशा तळ्याबद्दल दहा वर्षांचे आश्वासन देणे ही फसवणूक ठरेल.

ज्यांना विचारले गेले नाही

कौल तळ्याकाठच्यांचा होता. पाणी मात्र जाऊन पडले दुसऱ्यांच्या दारात. रेंटनचे प्रक्रिया केलेले पाणी डुवामिश नदीत जाऊ लागले. खोल समुद्रात नेणारी वाहिनी त्यासाठी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात झाली. वेस्ट पॉइंटला तर सुरुवातीला फक्त प्राथमिक प्रक्रिया होती, म्हणजे घन भाग खाली बसवून बाकीचे खोल पाण्यात सोडायचे. भरती-ओहोटीचे जोरदार प्रवाह ते पांगवतात, हा युक्तिवाद शैवालापुरता बराचसा खरा होता. पण दुय्यम प्रक्रिया तिथे १९९५ मध्ये आली. त्या विस्ताराच्या वेळी वेस्ट पॉइंटच्या जमिनीत मूळनिवासी लोकांच्या हजारो वर्षांच्या वस्तीचे अवशेष सापडले. १९५८ च्या मतपत्रिकेत त्यांचा उल्लेख असण्याचा प्रश्नच नव्हता.

म्हणून असा प्रस्ताव आज मांडताना नकाशावर दोन वर्तुळे काढावीत : पाणी जिथून निघते त्याचे आणि ते जिथे शेवटी पोहोचते त्याचे. मासेमारी करणारे, जनावरे पाजणारे, घाटावर धुणी धुणारे, खालच्या अंगाच्या विहिरी वापरणारे हे सगळे दुसऱ्या वर्तुळात असतात, आणि सूचनेची जाहिरात बहुधा पहिल्या वर्तुळातच लागते. दुहेरी बहुमताची अट सिॲटलने शहर आणि उपनगरे यांच्यासाठी वापरली. वरच्या आणि खालच्या गावांसाठीही ती तितकीच न्याय्य आहे. हरकतींना उत्तरे लेखी आणि क्रमांकवार द्यावीत. पर्यायांत ‘तळ्यात सोडू नये’ हा पर्याय खर्चासह असावा. पाणी सोडण्याची परवानगी लिटरमागच्या प्रमाणावर न देता वर्षाच्या एकूण किलोंवर द्यावी, कारण वस्ती वाढली की लिटरमागचा आकडा तोच राहूनही तळ्यात जाणारे खत दुप्पट होते.

१९९४ मध्ये मेट्रो किंग काउंटीच्या प्रशासनात विलीन झाली. तळ्याची मोजणी आजही नियमित होते. सिॲटलच्या जुन्या भागात मैला आणि पावसाचे पाणी एकाच वाहिनीतून वाहते. मोठ्या पावसात ती भरून ओसंडते आणि काही सांडपाणी अजूनही तळ्यात जाते. ते थांबवण्यासाठी साठवण टाक्या आणि नव्या वाहिन्यांची कामे सुरू आहेत, आणि त्यांचा खर्चही सांडपाण्याच्या मासिक बिलातूनच वसूल होतो.